व्याधाचे वकील आणि ओगोतेम्मेलीची कथा

डोगोन हे नाव आपल्याकडे ज्यांच्या कानावर पडले आहे, त्यांतल्या बहुतेकांनी ते एका ताऱ्याबरोबरच ऐकलेले असते. पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशात बांदियागाराच्या कड्यालगत राहणारे हे शेतकरी लोक. त्यांना म्हणे दुर्बिणीशिवाय व्याधाच्या अदृश्य सोबत्याची माहिती होती. तो अतिशय जड आहे आणि त्याच्या प्रदक्षिणेला ५० वर्षे लागतात, हेही ठाऊक होते. आणि हे सारे त्यांच्यापर्यंत आले ते आकाशातून उतरलेल्या, पाण्यात राहणाऱ्या प्राण्यांकडून. रॉबर्ट टेंपल यांच्या ‘द सिरियस मिस्टरी’ (१९७६) या पुस्तकापासून ही गोष्ट जगभर फिरते आहे. तिला ‘प्राचीन श्रद्धांचा पर्यायी अन्वयार्थ’ असे भारदस्त नाव दिले जाते. माझा आक्षेप या नावातल्या ‘अन्वयार्थ’ या शब्दालाच आहे. परग्रहावर कोणी असेल किंवा नसेल, तो प्रश्न खगोलशास्त्राचा. इथे मात्र अन्वय लावलेलाच नाही. एका विस्तीर्ण कथेतून दोन-तीन आकडे उपटून घेतले आहेत आणि उरलेली कथा टरफलासारखी टाकून दिली आहे.

पुराव्याचे आधी उरकून घेऊ. व्याधाला सोबती असावा हे बेसेलने १८४४ साली गणिताने ताडले, १८६२ साली तो दुर्बिणीतून दिसला, आणि १९१५ नंतर तो श्वेतबटू आहे, म्हणजे आकाराने लहान पण विलक्षण घन आहे, हे ध्यानात आले. १९२०च्या दशकात एडिंग्टनच्या लेखनामुळे ही गोष्ट सामान्य वाचकांपर्यंतही पोहोचली. डोगोनांच्या तोंडची व्याधविद्या छापली गेली ती त्यानंतर, १९५० साली, मार्सेल ग्रिओल आणि जर्मेन दितेर्लेन या फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञांच्या एका लेखात. तिचा आधार होता चार माहितीदारांचे कथन. पुढे वॉल्टर व्हान बेक या डच संशोधकाने डोगोनांमध्ये दीर्घकाळ राहून काम केले आणि १९९१ साली आपले निष्कर्ष मांडले. व्याधाचा अदृश्य सोबती त्याला कोणाच्याही बोलण्यात आढळला नाही. ज्या ताऱ्याला ‘सिगी तोलो’ म्हणतात तो नेमका कोणता, यावरही ग्रिओलच्या जुन्या सहकाऱ्यांचे आपसांत एकमत नव्हते. साठ वर्षांनी येणारा ‘सिगी’ हा महोत्सवही पन्नास वर्षांच्या प्रदक्षिणेशी जुळवायचा तर बरीच कसरत करावी लागते. (साठ संवत्सरांचे चक्र आपल्याही पंचांगात आहे. तेवढ्यावरून आपला मूळ पत्ता कोणी व्याधावर शोधू नये म्हणजे झाले.) ग्रिओलच्या वृत्तान्तात आणखी एक तारा आहे, ज्वारीचा. तो अजून कोणत्याही वेधशाळेला सापडलेला नाही. परग्रहवासी शिक्षकांच्या धड्यांतले जमलेले उत्तर तेवढे मोजायचे आणि चुकलेले गाळायचे, ही परीक्षा मोठी दयाळू म्हणायची.

तेव्हा टेंपल हरले, सेगन जिंकले, असे म्हणून थांबता आले असते. कार्ल सेगन यांनी १९७९ साली म्हटले होते की कुणा युरोपीय प्रवाशाकडून ही माहिती डोगोनांच्या कानी गेली असावी. हे अधिक संभवनीय आहे, यात वाद नाही. पण दोघांचा प्रश्न एकच आहे, हे कोणी पाहत नाही. ‘यांना हे सांगितले कोणी?’ एकाचे उत्तर जलचर देवदूत, दुसऱ्याचे उत्तर पाहुणा गोरा साहेब. दोन्ही उत्तरांत डोगोन माणूस ऐकणारा आहे, जपणारा आहे, फार तर निरोप्या आहे. तो रचणारा असू शकतो, ही शक्यता कोणाच्या मनाला शिवत नाही. साहित्याच्या विद्यार्थ्याने हातातले पुस्तक खाली ठेवून उठावे ते या जागी.

कारण रचणारा आपल्याला नावानिशी ठाऊक आहे. १९४६च्या ऑक्टोबरात ओगोतेम्मेली नावाचा वृद्ध शिकारी, बंदुकीच्या अपघातात दृष्टी गमावलेला, आपल्या घरी बसून तेहतीस दिवस दुभाष्यामार्फत ग्रिओलशी बोलला.  १९४८ साली ते बोलणे ‘जलदेव’ अशा अर्थाच्या नावाने फ्रेंचमध्ये आले. त्यात अम्मा हा देव मातीच्या गोळ्या अवकाशात भिरकावतो आणि तारे होतात. सूर्य हे भट्टीत पांढरे होईपर्यंत तापवलेले मडके आहे, त्याला तांब्याचे आठ वेढे. कुंभाराची आणि लोहाराची भट्टी पाहिलेल्या माणसाचे हे विश्व आहे. पुढे भूमीच्या पोटात एक पूर्वज आपल्या दातांची फणी करतो, ऐंशी सुतांचा ताणा तोंडातून काढतो, दुभंगलेली जीभ धोट्यासारखी फिरवतो, आणि विणता विणता बोलतो. कापडाच्या वीणीत शब्द जातो. म्हणून विणणे म्हणजे बोलणे, आणि नागवेपण म्हणजे मुकेपण. भाषेच्या उत्पत्तीविषयी मी जे काही वाचले आहे त्यात इतकी हातात धरता येणारी प्रतिमा मला क्वचितच भेटली.

आणि लोहाराची ती गोष्ट! पहिला लोहार स्वर्गातल्या भट्टीतून सूर्याचा तुकडा चोरतो आणि धान्याचे कोठार घेऊन इंद्रधनुष्यावरून घसरत खाली येतो. तोवर माणसाचे हातपाय सापासारखे लवचीक होते, त्यांना सांधे नव्हते. कोठार जमिनीवर आदळते, ऐरण आणि हातोडा त्याच्या अंगावर येतात, हात कोपरात मोडतात, पाय गुडघ्यात मोडतात. त्या मोडण्यातूनच माणसाला कष्ट करता येऊ लागले. शेतात वाकणाऱ्या शरीराचे हे पुराण आहे. टेंपलच्या वकिलांना या प्रसंगात यान उतरताना दिसते. कोठाराचे यान झाले की धान्य गेले, चोरी गेली, मोडलेली कोपरे गेली. उरतो एक धुराळा.

‘पो’ या दाण्याचेही तेच. पो म्हणजे फोनिओ, डोगोनांच्या ओळखीतले सर्वांत बारीक धान्य. १९६५च्या ‘फिकट कोल्हा’ या ग्रिओल-दितेर्लेनच्या ग्रंथात अम्माची सृष्टी या दाण्यापासून सुरू होते, आणि तो अदृश्य ताराही त्याच्याच नावाचा. जे सर्वांत लहान तेच सर्वांत भारी, ही कल्पना सुचायला श्वेतबटूचे भौतिकशास्त्र लागत नाही. अवर्षणाच्या प्रदेशात बियाणे जपून ठेवण्याचा अनुभव तिला पुरेसा आहे. त्याच ग्रंथात ओगो अंड्यातून वेळेआधी बाहेर पडतो, वारेचा तुकडा तोडून आणतो, त्याची पृथ्वी होते. आपली जुळी त्याला कधीच सापडत नाही. शेवटी तो कोल्हा होतो, त्याची वाणी जाते. आजही कड्याखाली संध्याकाळी वाळूत चौकटी आखतात, शेंगदाणे टाकतात आणि सकाळी कोल्ह्याच्या पावलांवरून भविष्य वाचतात. ज्याला बोलता येत नाही त्याचे पाऊल वाचायचे!

यावर एक रास्त हरकत येईल. व्हान बेकला तर ही विश्वोत्पत्तीही गावकऱ्यांच्या ओळखीची वाटली नाही. मग ती ‘डोगोनांची’ कशी? माझ्या मते ही हरकत व्याधवाल्यांना मारक आहे, वाचकाला नाही. जातीजमातीचा सर्वमान्य धर्मग्रंथ म्हणून ती टिकत नसेल. पण एका आंधळ्या निवेदकाने, हट्टी प्रश्नकर्त्यासमोर, परंपरेतले धागे घेऊन तेहतीस दिवस विणलेली रचना म्हणून ती भक्कम उभी आहे. ग्रिओलने तिला हेसिअडच्या तोडीची म्हटले. मग हेसिअडला जो मान देतो तोच इथे द्यावा, म्हणजे त्याला कवी म्हणावे. हेसिअडची देववंशावळ बीओशियातल्या प्रत्येक शेतकऱ्याला पाठ होती का, हे कोणी विचारत नाही.

कवी म्हटले की टीकाही आलीच. अम्मा भूमीशी संग करायला जातो तेव्हा वारूळ आडवे येते. तो ते छाटतो, आणि मुलींच्या अंगावर होणाऱ्या छाटणीला त्या कथेत दैवी आधार मिळतो. हे पुराण निष्पाप नाही. ज्यांना प्राचीन श्रद्धांना खरोखर जाब विचारायचा आहे त्यांनी इथे विचारावा. पर्यायी अर्थवाले या ओळींवरून डोळे मिटून जातात. तिथे तारा नाही ना!

आपल्याकडे मिथकात आकाश वाचण्याची एक जुनी, गंभीर रीत आहे, म्हणून हे अधिक बोचते. ‘व्याध’ हे नावच एका कथेतले आहे. मृगरूपाने स्वतःच्या कन्येमागे लागलेला प्रजापती आणि त्याला बाण मारणारा शिकारी. टिळकांनी १८९३च्या ‘ओरायन’मध्ये याच मृगावरून वेदकाळाचा अंदाज बांधला. त्यांचे अनुमान पटो वा न पटो, त्यांनी नुसत्या डोळ्यांना दिसणारे आकाश घेतले, मूळ शब्द घासून पाहिले, आणि कथा रचणारे ऋषी हे आकाश पाहणारी माणसेच आहेत, हे गृहीत धरले. नंतर डॅनिकेनची लाट आली. बाळ भागवतांचे ‘देव? छे! परग्रहावरील माणसं!’, सुरेशचंद्र नाडकर्णींचे ‘पृथ्वीवर माणूस उपराच!’ ही पुस्तके घरोघर वाचली गेली. त्यांनी कुतूहल जागे केले, हे मान्य. पण पुराण म्हणजे नीट न समजलेल्या यंत्राचे वर्णन, ही खोड तिथूनच अधिक पक्की झाली. पुष्पकाला इंधन कोणते, असे विचारणारा वाचक रामायणाच्या विरहापाशी पोहोचणार केव्हा?

त्यातही परग्रहवासी कोणाच्या वाट्याला अधिक येतात, ते पाहावे. पिरॅमिड, पेरूतल्या नाझकाच्या रेषा, डोगोन. टेंपलच्या मांडणीत तर डोगोनांचे ज्ञान थेट आकाशातूनही येत नाही. ते इजिप्त आणि भूमध्य समुद्राच्या वाटेने, ग्रीकांच्या हातून दक्षिणेला सरकत येते. आफ्रिकी शेतकऱ्याला परग्रहवासीसुद्धा मधल्या दलालाशिवाय भेटत नाहीत.

या दलालीची सर्वांत कडू थट्टा बांदियागारातच जन्मलेल्या एका लेखकाने केली आहे. याम्बो वोलोगेमच्या १९६८ सालच्या, फ्रान्समध्ये रनोदो पुरस्कार मिळालेल्या कादंबरीत श्रोबेनियस नावाचा जर्मन मानववंशशास्त्रज्ञ येतो. नावावरूनच लिओ फ्रोबेनियस ओळखू यावा. स्थानिक राजा त्याला हव्या तशा दंतकथा रचून देतो, नवे मुखवटे जमिनीत पुरून जुने करून विकतो, आणि साहेब त्यात विश्वाचे गूढ वाचतो. पुढे खुद्द या कादंबरीवर उचलेगिरीचे आरोप झाले. वोलोगेम मालीला परतला, फ्रेंच साहित्यविश्वाकडे त्याने पाठ फिरवली, आणि २०१७ साली तिथेच वारला. टेंपलच्या आठ वर्षे आधी त्याने हे सारे लिहून ठेवले होते.

२०१२ पासून माली अशांत आहे. मार्च २०१९ मध्ये ओगोसागू या फुलानी वस्तीत दीडशेहून अधिक माणसे मारली गेली. त्याच वर्षी जूनमध्ये सोबान दा या डोगोन गावात ३५, त्यांत २४ मुले. ‘डोगोन’ या शब्दाबरोबर या गावांची नावे व्याधाच्या भक्तांच्या लेखनात येत नाहीत. मागचा सिगी १९६७ ते १९७३ असा गावोगाव फिरत गेला. जाँ रूशने त्याचे चित्रपट केले. माणसाला मरण कसे आले आणि पहिल्या पूर्वजाच्या मृत्यूनंतर काय करावे, याची आठवण म्हणजे तो उत्सव. महामुखवटा नव्याने कोरायचा, पुरुषांनी ओळीने नाचत यायचे, आपापल्या लाकडी आसनावर बसून बिअर प्यायची. हिशेबाप्रमाणे पुढचा सिगी २०२७ साली यूगो गावातून सुरू व्हायचा आहे. मागचा पाहिलेला जो तरुण तेव्हा विशीत होता, तो आज ऐंशीच्या घरात आहे, आणि नाचाची वाट ज्या गावांवरून जाते त्यांतली कित्येक माणसे घरदार सोडून गेली आहेत.