नखं आवरा

आमच्या इंदापूर-बारामतीकडं हल्ली गावरान कोंबड्या पाळणारी पोरं अंडी उबवायचं यंत्र घरात आणतात. चांगलं आहे. पण २१व्या दिवशी अंड्याला टवका पडला, की तासाभरात यांचा धीर सुटतो. पिल्लू ओरडतंय, अडकलंय म्हणत नखानं टरफल सोलायला घेतात आणि वर त्याला दया म्हणतात. मी म्हणतो, ही दया नाही, उतावळेपणा आहे.

हे मी स्वतःचे हात रंगवून सांगतोय. पहिल्या खेपेला मीही ७ अंडी सोलली. पापुद्र्यातून रक्त आलं, पोटाशी बलक लोंबत राहिला. सातांतलं एकच संध्याकाळपर्यंत धुगधुगलं. सकाळी तेही गेलं.

चोचीनं टवका पाडला म्हणजे पिल्लू तयार झालं, असं नसतं. त्यानंतर ते थांबतं. फुप्फुसानं श्वास घ्यायला शिकतं, पापुद्र्याच्या शिरांतलं रक्त अंगात ओढतं, उरलेला बलक पोटात घेतं. याला १२-१५ तास, कधी २४ तासही लागतात. तो बलक म्हणजे त्याची शिदोरी. बाहेर आल्यावर दोन दिवस दाणा नसला तरी ते त्यावर निभावतं.

"मग पापुद्रा वाळून चिकटला तर मरू द्यायचं का?" असं मला विचारतात. नाही. पण वाळला कशानं ते आधी बघा. आपल्याकडची उन्हाळ्याची हवा कोरडी, त्यात तुम्ही दर अर्ध्या तासाला झाकण उघडून बघणार. ओल उडते, पापुद्रा कागदासारखा होतो. म्हणजे अडकवायचं तुम्हीच आणि सोडवायचंही तुम्हीच! १८व्या दिवसापासून अंडी फिरवणं बंद करा, पाण्याचं आणखी एक भांडं ठेवा, झाकण लावा आणि कामाला जा. टवका पडून २४ तास उलटले आणि काहीच पुढं सरकलं नाही, तरच कोमट पाण्याचं बोट पापुद्र्यावर फिरवा. रक्त दिसलं की हात मागं.

माझी आई खुडूक कोंबडी डालग्याखाली बसवायची. पिल्लं निघायच्या दिवशी आम्हा पोरांना तिकडं फिरकूही द्यायची नाही. कोंबडी पिसं फुगवून गच्च बसून राहायची. ती टरफल सोलत नव्हती, ऊब धरून होती. आई शाळेत गेली नव्हती, कोंबडीही नाही. दहावी शिकलेला मी, आणि सात पिल्लं मारली ती मीच.