टोस्टर घेण्याआधी भिंतीकडे बघा

डोंबिवलीत माझं मिक्सर, इस्त्री, गीझर दुरुस्तीचं दुकान आहे. टोस्टर घेऊन येणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते, "काका, हात लावला की झिणझिण्या येतात." मी आधी त्याची पिन बघतो. अर्थची जाड पिन कितीदा तरी कापलेली असते, कारण घरातला बोर्ड दोन भोकांचा! काही घरांत तर पिनच नसते. उघड्या वायरी सॉकेटमध्ये घालून आगकाडीने ठोकलेल्या असतात.

टोस्टर घेताना लोक कंपनी विचारतात, रंग विचारतात. तो ज्या सॉकेटमध्ये लागणार, त्याची चौकशी कोणी करत नाही. फ्लॅट घेताना टाइल्स वाजवून बघतील, नळ सोडून बघतील, पण अर्थिंग तपासलंय का, हे विचारणारं गिऱ्हाईक विरळाच. टोस्टरमुळे होणाऱ्या अपघातांचं मूळ बऱ्याचदा भिंतीत असतं, असं माझं मत आहे आणि ते मी गिऱ्हाइकाला तोंडावर सांगतो.

टोस्टरच्या आत अभ्रकाच्या पातळ पत्र्यांवर नायक्रोमची तार गुंडाळलेली असते. इस्त्रीतली तार झाकलेली असते, ही उघडी. अडकलेली स्लाइस काढायला सुरी घातली, की ती थेट २३० व्होल्टला टेकते. दुसरा ओला हात स्टीलच्या सिंकवर असेल तर अंगातून शंभर-दोनशे मिलिअँपिअर करंट जाऊ शकतो, आणि जीव जायला तेवढा पुरे. "एमसीबी पडेल की!" असं सुशिक्षित माणसंही म्हणतात. नाही पडणार. सहा किंवा सोळा अँपिअरच्या एमसीबीला एवढ्याशा करंटचा पत्ताही लागत नाही. तो वायरिंग जळू नये म्हणून असतो. माणसासाठी असतो तो ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, ज्याला आमच्या धंद्यात अजून ईएलसीबीच म्हणतात. अर्थिंग चांगलं असेल तर टोस्टरच्या पत्र्यात उतरलेला करंट जमिनीत जातो. मात्र तुम्ही स्वतः सुरी घातलीत, तर अर्थिंग तुम्हाला वाचवत नाही. म्हणून दोन्ही हवं.

आता खटक्याबद्दल. पुष्कळ टोस्टरमध्ये आतला स्विच एकच तार तोडतो. घराच्या वायरिंगमध्ये फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेले असतील, तर दांडी वर आली तरी तार जिवंतच राहते, आणि भिंतीवरचा खटकाही न्यूट्रलवर बसवलेला असेल तर तो बंद करूनही उपयोग नाही. जुन्या चाळीत हे सापडतंच, नव्या टॉवरमध्येही सापडतं. त्यामुळे काही अडकलं, किंवा खालच्या ट्रेमधला चुरा झाडायचा असेल, तर पिन बाहेर काढा, टोस्टर गार होऊ द्या, मग उलटा करून हलक्या हाताने आपटा. चुरा साठला की तो जळतो, शिवाय झुरळांचं फावतं. आतून धूर यायला लागला तर पिन ओढा आणि स्लाइस आतच राहू द्या. पाणी ओतू नका.

दोन स्लाइसचा टोस्टर साधारण आठशे वॉट खातो, म्हणजे साडेतीन अँपिअर. एकट्याला सहा अँपिअरचा पॉइंट पुरतो. त्याच एक्स्टेंशन बोर्डवर दीड हजार वॉटची किटली लावलीत, तर बोर्ड वितळून माझ्याकडे येणार.

भाजण्याचं म्हणाल तर आदल्या दिवशीचा ब्रेड ताज्यापेक्षा बरा, त्यात ओल कमी असते. दुसऱ्या फेरीला टोस्टर आधीच तापलेला असतो, तेव्हा बटण थोडं कमी करा. लोणी नंतर लावा. रंग सोनेरीच ठेवा. पिठूळ पदार्थ करपेपर्यंत भाजले की त्यात ॲक्रिलामाइड वाढतं, हे स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये जगासमोर आणलं.

सोसायटीच्या सभेत रंगकामावर तासन्‌तास भांडण होतं. त्याच सभेत अर्थिंगची तपासणी आणि प्रत्येक घरात आरसीसीबी, हा ठराव मांडून बघा. घरात तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर लावला की उलट जोडणी किंवा तुटलेली अर्थ लगेच कळते. अर्थिंग किती चांगलं आहे, ते मात्र वायरमनलाच मोजावं लागतं. भाड्याने राहणाऱ्यांची अडचण मला कळते. घरमालक ऐकत नसेल तर टोस्टर राहू द्या, तव्यावर भाजा. लादीपाव तसाही टोस्टरच्या फटीत मावत नाही, आणि तव्यावरच चांगला लागतो.