पाळणाघरातली रोजची वही



आपल्या वस्त्यांमधल्या कितीतरी आया सकाळी सातच्या आत घर सोडतात. कुणी चार घरची धुणी-भांडी करते, कुणी सफाईच्या कामावर जाते, कुणी शिलाईच्या कारखान्यात, कुणी इस्पितळात आयाबाई म्हणून. सासू गावी असते, थोरली मुले शाळेत जातात. मग दीड-दोन वर्षांचे लेकरू गल्लीतल्याच एखाद्या मावशीकडे ठेवले जाते. मावशीकडे अशी चार-पाच लेकरे असतात. दारावर पाटी नसते, पण ते पाळणाघरच असते.

कामकरी आईचा प्रश्न जुना आहे. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या सवलतीचे विधेयक आले तेव्हा बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला आणि १९२९ साली तो कायदा झाला. पुढे १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने पन्नासपेक्षा जास्त बाया असलेल्या कारखान्यात पाळणाघर ठेवण्याची सक्ती केली. १९७६ साली हा आकडा तीसवर आणला गेला. २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास कामगार असलेल्या आस्थापनेत पाळणाघर आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाण्याची मुभा, अशी तरतूद झाली. पण घरोघर राबणाऱ्या मोलकरणीला कुठला मालक पाळणाघर देतो? तिचा आधार गल्लीतली मावशीच. म्हणून ह्या मावशीचे काम नीट कसे चालावे, हा आपल्या घरचाच प्रश्न आहे.

मूल दहा तास एका घरी आणि चौदा तास दुसऱ्या घरी असते. एका घरात काय झाले ते दुसऱ्या घराला कळले पाहिजे. मूल स्वतः सांगणार नाही, त्याला अजून बोलता येत नाही. मावशीच्या डोक्यात पाच लेकरांचा दिवस संध्याकाळपर्यंत राहत नाही. म्हणून वही हवी.

शंभरपानी साधी वही घ्या. रोज एक पान नको, ते परवडणार नाही. एका मुलाचा एक आठवडा एका पानावर बसवा. पाच मुले असली तर महिन्याला वीस पाने लागतील, म्हणजे एक वही पाच महिने पुरेल. पानावर उभ्या रेघा मारून सहा रकाने करा: आले-गेले ती वेळ, काय व किती खाल्ले, शी-शू, झोप, औषध, आणि पडले-लागले. प्रत्येक मुलाच्या पहिल्या पानावर त्याचे पूर्ण नाव, जन्मतारीख, आई-वडिलांचे फोन, आई ज्या ठिकाणी काम करते तिथला फोन, काही खाल्ल्याने अंगावर पित्त उठत असेल तर ते, आणि मूल न्यायला कोण-कोण येऊ शकते त्यांची नावे लिहा. त्या यादीत नाव नसलेला माणूस, मग तो सख्खा मामा म्हणवीत का येईना, आईला फोन केल्याशिवाय मूल त्याच्या हाती द्यायचे नाही.

“एवढे लिहायचे कशाला?” असे कुणी म्हणेल. त्यासाठी औषधाचा रकाना पाहा.

समजा, दुपारी चारला लेकराचे अंग तापले. मावशीने आईने ठेवलेले पॅरासिटामॉलचे औषध पाजले. सहाला आई आली, अंग अजून कोमटच. तिने घरी नेऊन पुन्हा पाजले. रात्री वडील आले, त्यांनी आणखी एकदा. तिघांनीही मायेनेच केले, पण लेकराच्या लिव्हरवर भार पडला. ह्या औषधाच्या दोन डोसांत चार ते सहा तासांचे अंतर लागते आणि चोवीस तासांत चारपेक्षा जास्त डोस द्यायचे नसतात. शिवाय सगळ्या बाटल्या सारख्या नसतात. काहींत ५ मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅम औषध असते, तर काहींत २५० मिलिग्रॅम, म्हणजे दुप्पट. म्हणून वहीत नुसते “ताप होता, औषध दिले” असे लिहून भागत नाही. कोणती बाटली, किती मिलिलिटर आणि किती वाजता, हे तिन्ही लिहायचे. माप बाटलीसोबत येणाऱ्या मापाचेच घ्यायचे, घरातल्या चमच्याचे नव्हे. डोस लेकराच्या वजनाप्रमाणे डॉक्टरांनी सांगितलेलाच द्यायचा. आणि तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर औषधावर न थांबता तडक दवाखाना.

तीच गोष्ट जुलाबाची. “आज जरा पातळ झाली” ह्या बोलण्यातून आईला काही कळत नाही. दोनदा झाली की आठदा? प्रत्येक वेळेला एक उभी रेघ मारा. शू झाली त्याचीही रेघ मारा. सहा तास शू नाही, तोंड कोरडे, डोळे खोल गेलेले, रडताना अश्रू नाहीत, मूल मलूल पडून आहे, अशी लक्षणे दिसली तर संध्याकाळची वाट पाहायची नाही. आईला बोलवा आणि दवाखाना गाठा. एरवी ओआरएसची एक लिटरची पुडी एक लिटर स्वच्छ पाण्यात पूर्ण घालून, दर जुलाबानंतर थोडे-थोडे पाजत राहा. डॉक्टर सोबत झिंकच्या गोळ्या चौदा दिवस द्यायला सांगतात. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले की बहुतेक घरांत गोळीही थांबते. वहीत चौदा चौकोन आखा आणि रोज एक खूण करा. रविवारी मूल घरी असेल तेव्हा खूण आईने करावी.

पडले-लागले हा रकाना भांडणाचे मूळ तोडतो. गुडघा खरचटला तर मावशीने आई दारात येताच आपणहून सांगावे: “ताई, अकराच्या सुमाराला उंबऱ्याला अडखळला, पाण्याने धुतले, हळद लावलेली नाही, बघून घ्या.” आईला घरी आंघोळ घालताना खूण दिसली तर तिच्या मनात नाही-नाही ते येते आणि दुसऱ्या दिवशी सगळी गल्ली गोळा होते. उलट बाजूही आहे. सकाळी मूल घेताना त्याच्या अंगावर आधीच काही खूण असेल तर तीही मावशीने आईसमोरच लिहावी. वहीतले लिहिलेले खोडून काढायचे नाही. चुकले तर एक आडवी रेघ मारून पुढे लिहावे. मुलावर कुणी हात टाकल्याचा संशय आला, मग तो घरचा असो की बाहेरचा, तर “बोभाटा नको” म्हणून गप्प बसू नये. १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन आहे, आणि लैंगिक अत्याचाराबाबत २०१२ चा पोक्सो कायदा आहे. असा गुन्हा ठाऊक असून तो न कळवणे हाही त्या कायद्याने गुन्हाच आहे.

लिहिता न येणाऱ्या मावशीने लाजू नये. पूर्ण वाटी खाल्ली तर पूर्ण गोल, अर्धी खाल्ली तर अर्धा गोल, शीला रेघ, शूला टिंब. वेळ आणि औषध शाळेतून आलेल्या मुलीकडून लिहून घ्यावे. फोनवर बोलून आवाज पाठवणेही चालते. मात्र पुष्कळ आयांना कामावर फोन जवळ ठेवू देत नाहीत, हे ध्यानात ठेवा. निकडीची गोष्ट संदेशावर सोडू नका, फोन लावा. आणि लेकराचा फोटो आईला विचारल्याशिवाय गल्लीच्या ग्रुपवर किंवा स्टेटसला टाकू नका. उघडे-नागडे मूल तर कधीच नाही.

संध्याकाळी दारात दोन मिनिटे द्यावीत. आई दमून आलेली असते, तिला पहिले वाक्य “तुमचे पोर लई त्रास देते” असे ऐकवू नये. आज भात सगळा संपवला, “काऊ” म्हणाला, असे काही आधी सांगावे. मग तक्रार, आणि तीही इतर आयांसमोर नको. आईनेही सकाळी सांगावे: रात्री झोपला का, काही पाजले का, पोट कसे आहे. निम्मी वही आईच्या तोंडी असते. ती घाईत मूल टाकून पळाली, तर मावशीचा दिवस अंधारातच सुरू होतो.

ह्या वहीचा आणखी एक उपयोग आहे. महिनाअखेरीला “मी तर अठराच दिवस ठेवले” आणि “नाही, बावीस झाले” असा वाद होतो. आले-गेले हा रकाना उघडला की वाद मिटतो. मावशी रात्री आठपर्यंत मूल सांभाळते तेही तिथे दिसते. मूल सांभाळणे हे फावल्या वेळचे काम नाही, ती मेहनत आहे, आणि मेहनतीचा हिशेब असलाच पाहिजे. त्या हिशेबाप्रमाणे मावशीचे पैसे वेळेवर देणे हे आईचे कर्तव्य आहे. आपल्याला कामावर कुणी पगार लांबवला तर जे वाटते, तेच तिलाही वाटते.

तेव्हा येत्या एक तारखेला एक वही आणा. मावशीकडे नसेल तर आयांनी मिळून आणून द्या. पहिल्या पानावर लेकराचे नाव आईच्याच हाताने लिहा.

जयभीम!