हिरवा ठिपका, हिरवा त्रिकोण

चिखली-खामगाव मार्गावरील उंद्री येथे माझ्या भाच्याचे किराणा दुकान आहे. गेल्या पाडव्याच्या सुमारास त्याने दुकानाची पाटी नवी करण्याचे ठरविले आणि रंगाऱ्याने केलेला नमुना मला मोबाईलवर पाठविला. हिरव्या भूमीवर लाल अक्षरे, अक्षरांना पिवळी कड, कडेमागे निळी सावली, चारही कोपऱ्यांत केशरी कमळे. खाली लिहिले होते, ‘‘मामा, सगळे रंग घेतले आहेत. आता लांबूनच उठून दिसेल.’’

तोच नमुना कृष्णधवल करून पाहा, असे मी त्याला कळविले. मोबाईलवर हे क्षणाचे काम आहे. त्याने करून पाहिले, आणि दुकानाचे नाव जवळजवळ नाहीसे झाले! लाल व हिरवा एकमेकांहून कितीही भिन्न वाटले तरी त्यांचा गडदपणा पुष्कळदा सारखाच असतो. आणि डोळा अक्षराची कड ओळखतो ती मुख्यत्वे गडद-फिक्याच्या फरकावरून. दुचाकीवरून जाणाऱ्या माणसाला पाटी वाचण्यास दोन-तीन क्षण मिळतात. त्यातले निम्मे कमळांनी घेतले, तर नावाला काय उरणार?

रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडांना कोणी कमळे काढीत नाही. माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग. बाकी दगड पांढरा, अक्षरे काळी. रंगाला तेथे एकच काम दिलेले आहे, आणि ते तो चोख करतो.

रंगाला अर्थ देण्याची कला आपल्याला परकी नाही. अनेक जिनमंदिरांच्या भिंतींवर षट्लेश्यांचे चित्र असते. जांभळाचे झाड आणि भुकेलेले सहा पुरुष. कृष्ण लेश्येचा मनुष्य झाड बुंध्यापासून तोडू पाहतो, नील लेश्येचा मोठ्या फांद्या, कापोत लेश्येचा डहाळ्या. पीत अर्थात तेजोलेश्येचा घोस तोडतो, पद्म लेश्येचा केवळ पिकलेली फळे, आणि शुक्ल लेश्येचा खाली पडलेली फळे वेचतो. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचा हा क्रम निरक्षर आजीही नातवाला समजावून सांगत असे. परंतु चित्रकाराचे खरे शहाणपण पुढेच आहे. त्याने केवळ रंगावर भिस्त ठेवली नाही. एकाच्या हाती कुऱ्हाड दिली, दुसऱ्याला फांदीवर चढविले, शेवटच्याला जमिनीवर बसविले. भिंतीवरचे रंग धुराने काळवंडले, तरी कोण कोणत्या वृत्तीचा आहे हे कळते.

हे शहाणपण आपल्या शासकीय नियमांत यायला मात्र वेळ लागला. पाकीटबंद खाद्यपदार्थांवरील शाकाहाराचा हिरवा ठिपका आणि मांसाहाराचा तपकिरी ठिपका ही खूण 2001 पासून आली. आपल्यासारख्या कुटुंबांना तिचा केवढा आधार वाटला! पण दोन्ही ठिपके गोल, दोन्ही चौकटी सारख्या. भेद केवळ रंगाचा. जन्मजात रंगांधळेपणात लाल-हिरव्याची गफलत सर्वाधिक आढळते, आणि तो पुरुषांत स्त्रियांहून कितीतरी अधिक असतो. अशा माणसाला हिरवा आणि तपकिरी यांत भेद करणे कठीण. 2020 च्या नियमांत मांसाहाराच्या खुणेतील वर्तुळाच्या जागी त्रिकोण आला. कुऱ्हाड हाती आली म्हणायची.

याच ठिपक्याविषयी आणखी एक गोष्ट गृहिणींनी ध्यानात ठेवावी. हिरवा ठिपका कायद्याची व्याख्या सांगतो, आपला आचार सांगत नाही. कांदा, लसूण, बटाटा त्याखाली येतातच. पण मधही येतो. नियमातील मांसाहाराच्या व्याख्येतून दूध व दुग्धजन्य पदार्थांप्रमाणे मधालाही वगळलेले आहे. ठिपका पाहून पाकीट उघडणाऱ्या श्रावकाच्या पोटात मध जातो, आणि खूण खोटी आहे असेही म्हणता येत नाही.

भाच्याच्या दुकानाला लागूनच कृषी सेवा केंद्र आहे. (विषवाणिज्य पंधरा कर्मादानांत गणले आहे; त्यावर स्वतंत्रपणे लिहावे लागेल.) कीटकनाशकांच्या वेष्टनावर कोपऱ्यावर उभा केलेला चौकोन असतो व त्याचा खालचा त्रिकोण रंगीत असतो. लाल म्हणजे अतितीव्र विषारी, पिवळा म्हणजे तीव्र, निळा म्हणजे मध्यम, आणि हिरवा म्हणजे सौम्य विषारी. सौम्य, पण विषारीच! सोयाबीनच्या हंगामात मजूर आमच्या दुकानातून हिरव्या ठिपक्याचा बिस्किटपुडा घेतो आणि शेजारून हिरव्या त्रिकोणाची बाटली. एका फळीवर हिरवा ‘निःशंक घ्या’ म्हणतो, दुसऱ्या फळीवर ‘जपून’ म्हणतो. तोंडाला फडके नाही, हातात मोजे नाहीत, कारण ‘हे हिरवे आहे, याने काही होत नाही’. हे वाक्य मी स्वतः त्या ओट्यावर ऐकले आहे. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्यामागची कारणे अनेक होती; परंतु वेष्टनावरील खूण ज्याच्यासाठी आहे त्याला ती कोणी वाचून दाखवीत नाही, हे आजही खरे आहे. बाटली देताना दोन वाक्ये बोलण्यास विक्रेत्याला खर्च येत नाही.

पाटीचे पुढे काय झाले? भूमी पांढरी, अक्षरे गडद निळी, कमळे रद्द. रंगारी थोडा नाराज झाला. भाचाही म्हणतो, ‘‘मामा, शेजाऱ्यांच्या मानाने आपली पाटी फार साधी दिसते.’’ दिसते खरी. पण रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवरून ती वाचता येते. मी तेथे बसून पाहिले.

आत बिस्किटांच्या फळीवर त्याने स्वतःहून एक चिठ्ठी चिकटविली आहे: ‘यात मध आहे.’ कागद पांढरा, शाई काळी.