पदर, झोळी आणि वाकळ: अचलपूरच्या इतिहासातून गळलेले एक पान

१/ अचलपूर म्हटले की १४९० मध्ये उदयास आलेली इमादशाही आठवते, डिसेंबर १८०३ मध्ये इंग्रजांनी जिंकलेला शेजारचा गाविलगड आठवतो आणि कापूस वाहून नेणारी शकुंतला रेल्वेही आठवते. या यादीत एका साध्या वस्तूला जागा मिळावी, असे माझे मत आहे. ती वस्तू म्हणजे आजीचे रोजच्या वापरातले सुती लुगडे.

२/ युरोप-अमेरिकेत आजीचा एप्रन ही कौटुंबिक आठवण म्हणून जपली जाते. आपल्याकडे एप्रन डॉक्टरांचा किंवा प्रयोगशाळेतला. स्वयंपाकघरात त्याचे काम पदराने केले. तापलेले पातेले उतरवणे, ओले हात पुसणे, लेकराचा घाम टिपणे, टोकाला गाठ मारून पैसे सांभाळणे, हे सारे त्याच्याकडे होते. पदरमोड, पदरी पडणे, पदर पसरणे या शब्दप्रयोगांत त्याच्या खुणा उरल्या आहेत.

३/ खऱ्या एप्रनाच्या सर्वांत जवळचे वस्त्र मात्र शेतात दिसते. कापूस वेचणारी बाई कमरेला कापड बांधून पुढे झोळी करते. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) वऱ्हाडच्या कापसाला आलेला भाव आपण अभ्यासतो; पण तो कापूस झाडावरून प्रथम कशात पडला, हे क्वचितच विचारतो.

४/ ही वस्त्रे संग्रहालयात का नाहीत? पैठणी टिकली, कारण ती पेटीत राहिली. रोजचे लुगडे विरले की त्याची वाकळ होई (वऱ्हाडी बोलीत ‘वाकय’). वाकळ फाटली की तिचे पोतेरे होई. जी वस्तू शेवटच्या धाग्यापर्यंत वापरली गेली, ती उरणार कशी?

५/ म्हणून माझ्या दृष्टीने वाकळ हे घरातले दप्तर आहे. जुन्या लुगड्यांचे आणि धोतरांचे थर एकमेकांवर ठेवून साध्या धावदोऱ्याने शिवलेले. एका काठावरून आजी ओळखता येते, दुसऱ्यावरून आत्या. विरलेला भाग आणि ठिणगीने पडलेले भोक यांतून त्या बाईने केलेले काम वाचता येते.

६/ वापरलेल्या वस्त्रात आठवण असते, ही कल्पना या भागाला नवी नाही. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभावांचे मोठे तीर्थ. अवतारांच्या स्पर्शाने पावन झालेल्या वस्तूंना त्या पंथात ‘प्रसाद’ म्हणून वंदन केले जाते आणि त्यांत वस्त्रेही असतात. तेथील भाव श्रद्धेचा आहे, घरातला मायेचा; तरी दोन्हीकडे स्पर्श हाच पुरावा मानला जातो.

७/ बंगालमध्येही जुन्या साड्यांपासून कांथा शिवत. गुरुसदय दत्त यांनी असे कांथे गोळा केले आणि आज ते कोलकात्याजवळच्या संग्रहालयात आहेत. कांथ्यांवर चित्रे होती, म्हणून त्यांना कला म्हटले गेले. आपल्या साध्या टाक्यांच्या वाकळीकडे मात्र केवळ अंथरूण म्हणून पाहिले गेले.

८/ येथे एक सावधगिरी हवी. ‘आजीच्या पदराची ऊब’ असे लिहून थांबणे मला अपुरे वाटते. त्याच पदराने चुलीच्या धुरात डोळे पुसले गेले. कमरेच्या झोळीतला कापूस दिवसअखेर तोलला जातो आणि मजुरी किलोवर ठरते. माया खरी आहे, पण तिच्याआड श्रम झाकले गेले तर ते स्मरणरंजन होईल, इतिहास नव्हे.

९/ ही साखळी आता तुटत आली आहे. नायलॉन-पॉलिस्टरच्या साड्या आल्या; त्यांचा पदर चुलीजवळ धोक्याचा आणि वाकळीत सुतासारखा मऊपणा नाही. मग गॅस आला, गाऊन आला, बाजारातले ब्लँकेट आले. सुती लुगड्यांची वाकळ शिवलेले हात आज वृद्ध आहेत.

१०/ म्हणून एक विनंती. दिवाळीची आवराआवर सुरू होण्यापूर्वी घरातली जुनी वाकळ उजेडात पसरा. प्रत्येक तुकड्याचा फोटो घ्या. हे लुगडे कोणाचे, कोठून घेतले, ते नेसून ती कोणती कामे करी, वाकळ कोणी शिवली, हे घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना विचारा आणि त्यांच्याच बोलीत लिहून ठेवा. किल्ल्याचे दगड आणखी काही शतके वाट पाहतील. सुताला तेवढा अवधी नाही.

तुमच्या घरच्या वाकळीची नोंद खाली जरूर लिहा.