संगणकाशी गट्टी : रकाना हटेना!

बालमित्रांनो, कधी कधी भांडणात समोरचाच खरा असतो. मागच्या महिन्यात माझं संगणकाशी भांडण झालं, त्याची ही गोष्ट.

आमचं तिसगाव पाथर्डी तालुक्यात. दिवाळी झाली की इकडची कितीतरी घरं ऊसतोडीला जातात. काही मुलं आईवडिलांबरोबर जातात, काही आजीजवळ राहतात. माझ्या वर्गाचा एक तक्ता मी एसक्यूलाइट या प्रणालीत केला आहे. डी. रिचर्ड हिप यांनी ती २००० साली तयार केली. ती फुकट मिळते, अँड्रॉइड मोबाइलमध्येही असते.

तक्त्यात आडवी ओळ म्हणजे एक मूल. उभे रकाने म्हणजे त्याची माहिती : नोंदणी क्रमांक, नाव, मुक्काम. 'मुक्काम' हा रकाना मला अडगळ वाटला. म्हटलं, टाकू काढून! आज्ञा दिली : 'ऑल्टर टेबल मुले ड्रॉप कॉलम मुक्काम'.

संगणक म्हणाला, "ड्रॉप या शब्दाजवळ व्याकरणाची चूक आहे." अहो, आज्ञा तर बरोबर होती! मग कळलं, रकाना काढायची सोय एसक्यूलाइटमध्ये मार्च २०२१ च्या ३.३५.० आवृत्तीपासून आली. माझी आवृत्ती त्याहून जुनी. जुन्या आवृत्तीत लांबचा रस्ता धरावा लागतो : तो रकाना सोडून नवा तक्ता करायचा, माहिती उतरवायची, ओळी मोजून ताळा घ्यायचा, मग जुना तक्ता पुसून नव्याला त्याचं नाव द्यायचं. मी नवी आवृत्तीच घातली.

आता घाईत 'मुक्काम'ऐवजी 'नोंदणी_क्रमांक' लिहून बसलो. उत्तर आलं, "प्रायमरी की असलेला रकाना काढता येत नाही." बरं झालं! वर्गात एका नावाची दोन मुलं असू शकतात. ओळख पटते ती क्रमांकावरूनच.

नाव दुरुस्त केलं. तरी नकार! "आजीजवळची_मुले या व्ह्यूमध्ये चूक : मुक्काम नावाचा रकाना नाही."

व्ह्यू म्हणजे तक्त्याकडे उघडणारी खिडकी. तिच्यात स्वतःची माहिती नसते, मूळ तक्त्यातलीच दिसते. ही खिडकी मीच गेल्या वर्षी केली होती आणि विसरलो होतो. आईवडील उसाला गेल्यावर कोण कुणाकडे राहतं, ते तिच्यात दिसायचं. गेल्या हंगामात एक मुलगी दोन दिवस शाळेत आली नाही. ती यादी पाहूनच मी तिच्या आजीचं घर गाठलं. पोर तापाने फणफणली होती. आणि त्याच रकान्याला मी अडगळ म्हणत होतो!

रकाना मी ठेवला. खरंच काढायचा असता, तर आधी फाइलची प्रत काढली असती. मग कोणता व्ह्यू, इंडेक्स किंवा ट्रिगर त्यावर अवलंबून आहे ते शोधून, त्यांची दुसरी सोय लावून शेवटी रकाना काढला असता. आणि हो, चुकीचा संदेश शेवटपर्यंत वाचायचा. त्यात बहुतेक वेळा अडथळ्याचं नावच असतं.

आता तुमचं काम. घरातल्या दहा पुस्तकांचा तक्ता वहीत आखा. एक रकाना खोडायचा ठरवा. पण खोडण्याआधी घरात सगळ्यांना विचारा, "हा कुणाला लागतो का?" उत्तर ऐकून गंमत वाटेल!

भेटू पुढच्या आठवड्यात.

— तुमचे सर