शाखेतील दुर्लक्षित दार

नोव्हेंबर महिन्यात हयातीचा दाखला देण्यासाठी शाखांमध्ये निवृत्तिवेतनधारकांची रीघ लागते. २०१४ साली ‘जीवन प्रमाण’ हा डिजिटल दाखला आला, तरी अनेक ज्येष्ठांना शाखेत जाऊन सही करणेच विश्वासाचे वाटते. मधुमेहाने वा प्रोस्टेटच्या विकाराने त्रस्त वृद्धास रांगेत तासभर थांबणे कठीण जाते. अशा वेळी स्वच्छतागृहावर ‘केवळ कर्मचाऱ्यांसाठी’ ही पाटी दिसली, तर काउंटरवरील अगत्यही फिके पडते.

सुरक्षिततेची अडचण खरी आहे; तथापि रोकड विभागापासून दूर, आधाराचा दांडा व कोरडी फरशी असलेले एक स्वच्छतागृह ग्राहकांसाठी राखता येईल. शाखा व्यवस्थापकांनी त्याची पाहणी रोखीच्या हिशेबाइतक्याच नियमाने करावी. ठेवींप्रमाणेच ठेवीदारांचा सन्मानही बँकेने जपावयास हवा.